शेवंताला मी काय सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. खोलीत दुसरं कुणी नाही, आणि तुम्ही ऐकताय, एवढंच.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी लोणावळ्यात एका दातांच्या डॉक्टरांकडे मी कामाला होते. नवरा गेल्यावर त्यांनीच ठेवून घेतलं, शिकवलं. हत्यारं उकळायची, थुंकायला तस्त धरायचं, लवंगेच्या तेलाचा बोळा करून द्यायचा, पेशंटचं डोकं धरायचं. सुजलेला गाल फडक्यात बांधून मावळातली माणसं यायची, बंगल्यांतल्या बायकाही यायच्या. खुर्चीत बसलं की सगळी सारखीच थरथरायची. मी कपाळावर हात ठेवला की शांत व्हायची. डॉक्टर म्हणायचे, "बाई, तुमचा हात नसता तर माझी पकड काय कामाची?" घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. त्या एका वाक्यावर — हसू नका — मी जगत होते.

मग टाकव्याची शेवंता आली, बापाची दाढ काढायला. मी जरा आत गेले होते. बाहेर येऊन बघते तर म्हातारा निवांत पडलेला. पोरीनं एका हातानं त्याचं डोकं छातीशी धरलेलं, दुसऱ्या हातात तस्त. रक्त बघून पापणीसुद्धा हलली नाही तिची. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला तुमच्या हाताखाली घेऊ या. विचारून बघा."

हाताखाली, असंच म्हणाले ते. मग मी तिला विचारलं का नाही?

विचारलं तिनंच. पायरीवर मला गाठून हळूच म्हणाली, "मावशी, घरचे बिजवराचं स्थळ बघत्यात. मला हितं काम मिळंल का? ह्ये काम चांगलं हाय का? खरं सांगा."

खरं! खरं एवढंच होतं, की त्या कामानं मला माणसांत आणलं होतं. आणि मी म्हणाले, "कुणाची थुंकी, कुणाचं रक्त. तुझ्या हातचं पाणी कुणी पिणार नाही, पोरी. आणि डॉक्टर... पुरुषाची जात. काय सांगू तुला?"

डॉक्टरांनी मला कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं. कधीच नाही. तरी मी तसं बोलले — आणि आत जाऊन त्यांना सांगितलं, "नको म्हणाली."

तिला आंबी गावच्या बिजवराला दिली.

काही वर्षांनी ती दवाखान्याच्या दारात उभी. वाळून गेलेली, पुढचे दात नाहीत. कसे गेले, मी विचारलं नाही. आंबेमोहोराची पुरचुंडी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "मावशी, तुमी सावध केलं म्हून वाचले. लय उपकार झाले." आत डॉक्टर दिसले, तशी पदर ओढून भराभरा पायऱ्या उतरली.

तेव्हा तरी हाक मारायची होती ना? मी तांदूळ घेतले. शिजवले. खाल्ले.

डॉक्टर वारले, दवाखाना उठला. आंबी इथून काही लांब नाही. मी गेले नाही.