आहेराचा टॉवेल

चकती फेकत फेकत लोखंडी टोपलीत पाडायची, असा आमचा डिस्क गोल्फ. आमच्यात एक वयस्कर गृहस्थ आहेत; पाऊस असो, गारठा असो, ते मैदानावर हजर. बोटं कोरडी राहावीत म्हणून मोज्यात भरलेली राख, आणि चकती पुसायला खांद्यावर टॉवेल. तो टॉवेल त्यांच्या मुलीच्या लग्नात मीच आहेर केलेला. मला कुणीतरी दिलेला, मी तसाच पुढं ढकललेला. पाण्याचा थेंब टिपत नाही. काल भुरभुर पावसात त्यांनी चकती मनापासून पुसली, तरी ती हातातून निसटून चिखलात पडली. कुणीतरी हसलं, "सोलापुरात राहून असला टॉवेल?"

मी बुटाची न सुटलेली नाडी बांधायला वाकलो.

"टॉवेल लई चांगला हाय," माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "माझाच हात ओला हाय की."