पहिलीचा सताप

मी सांगलीची, वाईला दिलेली, तीही बिजवराला. लग्न झालं तेव्हा लढाई चालू होती आणि पेट्रोल मिळत नव्हतं. साताऱ्याहून आम्हाला आणणारी सर्व्हिस मोटर कोळशाच्या गॅसवर चाले, ती चढावर इतकी खोकली की वऱ्हाडाला उतरून मागून चालावं लागलं. दारात माप ओलांडायच्या आधी सासूबाईंनी माझ्या गळ्यात सोन्याचा एक लहानसा टाक घातला. त्यावर बाईची आकृती होती, नाक-डोळे नुसते टोचलेले. ही पहिली, माझी सवत, दोन पावसाळ्यांपूर्वी तापानं गेलेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं, म्हणजे ती त्रास देत नाही. "तिला काही कमी पडू देऊ नकोस हो," सासूबाई म्हणाल्या. नवी नवरी मी, आणि मला काही कमी पडू नये असं म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. मला त्याचा तिथल्या तिथं राग आला.

नवरा साताऱ्याला कचेरीत कारकून, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. एरवी घरात आम्ही तिघी. विधवा सासूबाई, मी, आणि पहिलीची सहा-सात वर्षांची मुलगी. मुलगी मला कशानंच हाक मारत नसे. तहान लागली तर घागरीकडे बघून म्हणे, "पाणी हवंय." घागरीनं दिलं असतं तर तिला माझी गरजही पडली नसती.

तिघी म्हटलं खरं, पण चौथी होतीच. कोनाड्यात तिचा फणी-कुंकवाचा फणेरीचा डबा होता, तो कुणी हलवायचा नाही. वाळणाची दोरी तिच्या उंचीला बांधलेली. ती ठेंगणी असावी, कारण ओली लुगडी वाळत घालताना ती दोरी नेमकी माझ्या गळ्याशी यायची. स्वयंपाक करताना मागं कुणी उभं राहिलंय असं वाटून मी कितीदा तरी वळून बघितलं. मी काही भित्री नव्हते. सांगलीला आमचं घर नदीकाठचं, मसणवटीच्या वाटेवर, आणि मी लहानपणापासून तिरड्या बघत आलेली. पण ती माणसं जाणारी होती. ही गेलेली नव्हती.

परसात तिचा सताप होता. मुलगी तान्ही असताना तिला आकडी येई, तेव्हा कुणी फलटणहून सतापाची फांदी आणून दिली आणि पहिलीनं ती लावली. फुटक्या रांजणाचा खालचा भाग, त्यात लाल माती, नदीची वाळू आणि जुन्या भिंतीचे चुन्याचे खडे. सताप लाडानं मरतो. रोज पाणी घातलं की मुळाशी कुजतो, विसरलं की हात हात वाढतो. पानं बारीक, निळसर हिरवी, आणि वास असा उग्र की पान चुरडलं तर जेवताना घासालाही लागावा. पिवळी फुलं येऊन गेली की शेंडे छाटायचे. पावसाळ्यात लिंबावरच्या हिरव्या अळ्या त्याच्यावर येत, त्या काडीनं उचलायच्या. यातलं बरंचसं मी चुकत शिकले. पोटुशी बाईनं त्याचं पान तोंडात घालायचं नाही आणि बाळाला रस कधी पाजायचा नाही, नुसता हुंगायला द्यायचा, एवढं मात्र सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दटावून सांगितलं होतं.

आळीत कुठं बाळंतीण असली की आमच्याकडे सताप मागायला येत. बाळाला सर्दी झाली की चुरडून नाकापुढं धरायचा, पुरचुंडीत बांधून पाळण्याला टांगायचा. आणि तो काढायची आमच्या घरची रीत ठरलेली. बाळाच्या उशाशी जायची वस्तू, म्हणून सवाष्णीनंच काढायची, न्हाऊन, ओलेत्यानं, देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी. म्हणजे भर बाराच्या उन्हात. सासूबाईंच्या हातचं ते चालत नसे, म्हणून ते माझ्याकडे आलं.

पहिल्यांदा काढला त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी हात खाजायला लागले. तिसऱ्या दिवशी बोटांवर, मनगटावर, जिथं जिथं फांद्या घासल्या होत्या तिथं तिथं पाण्यानं भरलेले फोड उठले, उकळतं तेल उडाल्यासारखे. ते बसले तरी तांबूस काळे पट्टे महिना महिना राहिले. सासूबाईंनी हात बघितले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग मात्र त्यांनी मला कणीक मळायला बसू दिलं नाही.

दूध घालायला नदीपलीकडून एक गवळण यायची. माझ्या हाताकडं बघून ती सासूबाईंना म्हणाली, "आवं आई, ह्यो काय रोग न्हाई. त्या झाडात लय जीव हाय तिचा. परक्या बाईनं हात लावल्याला तिला कसा खपंल?"

"हळू बोल गं," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांच्या मनातलंच ती बोलली होती, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. आणि खरं सांगते, मलाही ते पटलं. मी तिच्या जागी असते तर मीही खपवून घेतलं नसतं. माझी चूल, माझा नवरा, माझी दोरी, आणि ही कोण सांगलीची उंचाडी? मेलेल्या बाईचा मला मत्सर वाटे आणि तिची भीतीही वाटे, आणि दोन्ही एकदम वाटायला लागलं की माणसाला धड झोप येत नाही.

त्यात मला दिवस गेले. सासूबाई हरखल्या आणि तितक्याच धास्तावल्या. हातावर उठलंय ते उद्या पोटातल्या जिवावर उठेल, हे त्यांनी बोलून दाखवलं. शनिवारी मुलगा आल्यावर त्यांनी ठरवून टाकलं की येत्या अमावास्येला सताप मुळासकट काढायचा आणि कृष्णेत सोडायचा. नवरा म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." त्याचं हे वाक्य मला जन्मभर पुरलं.

मुलगी उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती रडली नाही. त्या संध्याकाळपासून ती जेवेना. पानावर बसे, भाताची मूद बोटानं पसरे आणि उठे. आजीनं रागावून बघितलं, गोंजारून बघितलं. ती फक्त माझ्याकडं बघायची. तिची आई या घरातून दुसऱ्यांदा बाहेर काढली जात होती आणि ती माझ्यामुळं, असं तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. मला वाटलं, हे झाड गेलं तर ही पोर मला मरेपर्यंत क्षमा करणार नाही, आणि राहिलं तर सासूबाई मला घरात सुखानं राहू देणार नाहीत.

मी सासूबाईंपुढं हट्टाला पेटले. त्यांच्याशी अशी मी तोवर कधीच बोलले नव्हते. म्हटलं, "काढायच्या आधी तिची ओटी भरू. तिला विचारू. मी आणखी एकदा सताप काढीन. फोड उठले तर खुशाल नदीत सोडा." त्या बराच वेळ जपमाळ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. पण शेवटचं." पलीकडच्या घरी बारसं होतं, त्यांना पुरचुंडी हवीच होती. उद्याचा दिवस ठरला.

बोलून तर बसले, पण फोड उठणार हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या प्रहरी मी परसात रांजणापाशी जाऊन बसले आणि त्या झाडावर मनातल्या मनात चिडले. तुझं काय घोडं मारलं मी, असं म्हटलं. तेवढ्यात मुलगी आली. माझ्यापासून हातभर लांब उभी राहिली आणि माझ्या मनगटावरच्या काळ्या पट्ट्यांकडं बघत राहिली.

"आईचे हात असेच होते," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. "कुणाचे?"

"आईचे. तिला पण फोड यायचे. आजीला दिसले तर आजी म्हणेल अंगावर रोग उठला, म्हणून ती पदराखाली झाकायची." मग तिनं परसाच्या दाराकडं वळून बघितलं आणि एकदम घाईनं बोलायला लागली. "मग ती लवकर काढायची. ऊन भिंतीवरनं खाली यायच्या आत. हाताला कोरडं फडकं गुंडाळून. आणि पाटीखाली झाकून ठेवायची. दुपारी न्हाऊन आली की नुसतं उचलायचं. मी दारात उभी राहायची. आजी आली तर खोकायचं."

म्हणजे फोड तिच्या रागाचे नव्हतेच, ओल्या हाताला रस लागून वर भर ऊन पडलं की उठणारे होते. पारोशा हातानं काढलेला सताप वर्षानुवर्षं आळीतल्या पाळण्यांना टांगला गेला होता आणि सगळी बाळं ठणठणीत होती. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. मी जिला इतके दिवस माझ्या पाठीशी उभी समजत होते, ती चिडलेली बाई नव्हतीच. ती माझ्यासारखीच या घराला घाबरून हात झाकणारी पोर होती, ठेंगणी, आणि माझ्यापेक्षा हुशार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई घाटावर स्नानाला गेल्या तेव्हा मी हाताला फडकं गुंडाळलं. भिंतीची सावली अजून रांजणावर होती. कात्रीनं कोवळे शेंडे कापले, पाटीखाली ठेवले, फडकं धुवून टाकलं, हात शिकेकाईनं चोळून चोळून धुतले. मुलगी दारात पाठमोरी उभी होती. तिला उभं राहायला मी सांगितलं नव्हतं. बाराला न्हाऊन ओलेत्यानं परसात गेले, झाडाला हळदकुंकू लावलं, ओटी भरली. माजघरातून सासूबाई बघत होत्या, पण त्यांच्या नजरेला माझी पाठ होती. ऊन डोक्यावर तापत होतं. लुगड्यातलं पाणी पायाशी निथळत होतं. तिथं खोटंखोटं वाकून उभी असताना पहिलीही अशीच उभी राहिली असेल, हे मनात आलं. केळीच्या पानात गुंडाळून शेंडे उचलले आणि आत आले.

एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा उलटला. सासूबाई रोज माझे हात उलटेपालटे करून बघायच्या. अमावास्या आली तशी गेली. "पटलं हो तिला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. पाटीखालच्या सतापाबद्दल मी त्यांच्याशी पुढं कधीच बोलले नाही.

त्याच दुपारी मुलगी परसात रांजणाशी बसली होती. जेवायला लागली होती, पण तोंड उतरलेलं. मी शेजारी जाऊन बसले.

"आईनं सांगितलं होतं, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "ती मेली तेव्हापण मी नाही सांगितलं. आता तुला सांगितलं. ती रागावेल?"

म्हणजे इतके दिवस घरात तीही घाबरत होती, आणि आपल्याच आईला. मी पटकन म्हटलं, "नाही गं, नाही रागावणार."

"तुला काय माहीत? तू कुठं पाहिलीस तिला?"

खरंच होतं. चुलीपाशी, दोरीपाशी, अंथरुणाशी मला ती दिसत आली होती, आणि मी तिला पाहिलीच नव्हती. त्या घरात तिला काय द्यायचं, कसं शांत ठेवायचं हे सगळे सांगत. ती कशी होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

"नाही पाहिली," मी म्हटलं. "तू सांग. कशी होती?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग झाडाकडं.

"तिला सताप मुळीच आवडायचा नाही," ती म्हणाली. "वास जायचा नाही ना हाताचा. रात्री मला थोपटायची तेव्हापण यायचा." आणि तिनं माझा हात ओढून आपल्या नाकाशी धरला.