सुदाम सरांचा झाडू

सुदाम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुडीहत्नूरच्या शाळेत वर्गावर होते. त्या दिवशी तेलंगणा बंद, एक बस हलेना. मातीला पोचता आलं नाही... पण खरं डोकं तडकलं ते पंधरा दिवसांनी, आदिलाबादच्या आमच्या जुन्या कॉलेजनं शोकसभा ठेवली तेव्हा. ज्यांनी सरांना काढलं आणि हयातीत पुन्हा दारात उभं केलं नाही, ते हार घेऊन हजर!

सर नेरडीगोंड्याकडचे. बौद्ध घर, आईबाप दुसऱ्यांच्या वावरात राबणारे. हैदराबादला जाऊन नाटक शिकले, तेलुगू नाटकांत कामं केली. कामं कसली... दरवान नाहीतर नोकर! तेलुगूला मराठी वळण, म्हणून वाक्यच देत नसत. शेवटी वैतागून परतले आणि आमच्या कॉलेजात नाटक शिकवू लागले. नोकरी वर्षावर्षाची, पक्की ऑर्डर कायम पुढल्या वर्षी. अशी अकरा वर्षं काढली त्यांनी.

त्यांचा एक नियम होता. तालमीआधी स्टेज झाडायचं, आणि ज्याची मुख्य भूमिका त्यानंच झाडायचं. पहिल्या दिवशी ते स्वतः झाडत. मी गेले तर हा माणूस झाडतोय, म्हणून मी ऐटीत विचारलं, नाटकाचे सर कुठं हायत? त्यांनी झाडू माझ्या हातात दिला, तेवढा कोपरा काढ म्हणाले, तवर बोलावतो त्यायले. आत गेले, हात धुऊन आले आणि शिकवायला उभे राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुढल्या वर्षी मुख्य भूमिका एका पुढाऱ्याच्या मुलाला, मोहनला, मिळाली. तो बिचारा हौसेनं झाडायचा. वडिलांच्या कानावर गेलं आणि ते कॉलेजात थडकले. आमच्या पोराच्या हाती झाडू देणारा हा कोण? जातीचा उच्चार त्यांनी केला नाही, तरी ऐकू सगळ्यांना आला. प्रिन्सिपलांनी सरांना सांगितलं, माफी लिहून द्या, ऑर्डर पक्की करतो. आम्ही दाराशीच उभे होतो.

"माह्या मायनं जलमभर दुसऱ्याचं आंगण झाडलं साहेब," सर म्हणाले. "तिची कोनी माफी मांगतली काय? मी तं पोरायले त्यायचंच स्टेज झाडाले लावून राह्यलो."

सरांची नोकरी गेली, वर्ग बंद झाला, नाटकही. सर मग खेड्यांतल्या शाळांच्या ओट्यांवर पोरांची नाटकं बसवत राहिले, मरेपर्यंत. आणि आम्ही? आम्ही परीक्षेचं निमित्त करून गप्प बसलो. त्याची चीड अजून जात नाही.

शोकसभेचे अध्यक्ष कोण, तर तेच पुढारी! स्टेजवर धुळीचा थर, त्यावर खुर्च्या, आणि तशाच धुळीत टेबल ठेवून सरांचा फोटो. मला राहवलं नाही. पडद्यामागं गेले. सरांचा झाडू अजून तसाच खुंटीला होता, त्यांनीच बांधलेल्या सुतळीनं. तो घेऊन बाहेर आले, तोच समोर बसलेला मोहन उठून वर आला आणि माझ्या हातून झाडू घेतला.

"त्या नाटकात मुख्य भूमिका माही होती," तो म्हणाला. "मीच झाडतो."

माइकवर कुणाचं तरी भाषण चालू होतं, ते थांबलं. तो कोपऱ्यापासून झाडत आला आणि वडिलांच्या खुर्चीशी थांबला.

"उठा बाबा. खालचं राह्यलं."

वडील उठले. माफी मात्र अजून कोणी मागितलेली नाही, हे मी इथं लिहून ठेवते.