लाल तेलाचा माग

उमरग्याहून नऊ किलोमीटरवरच्या एका गावात अयोध्या बायकांचे ब्लाउज शिवते. वय सेहेचाळीस. एखादी गोष्ट नुसती चालली की तिचं समाधान होत नाही. ती कशानं चालते हे तिला कळावं लागतं. घरामागं बोअर पाडलं तेव्हा ती दिवसभर मशीनपाशी उभी राहिली आणि दर दहा फुटाला वर आलेला चुरा काचेच्या बाटल्यांत भरत गेली. पिवळी माती, मुरूम, काळा पाषाण, मधेच विटेसारखा तांबडा थर. गाव हसलं. बाटल्या अजून शिलाई मशीनवरच्या फळीवर आहेत.

तिचा नवरा शांतलिंग जुन्या पिकअपमधून गावचा भाजीपाला उमरग्याला नेतो. दिवाळीपासून त्याचा उजवा खांदा आखडला होता; हात कानापर्यंतही जात नव्हता. त्यातच पिकअपचं स्टेअरिंग वळणावर गुरगुरायला आणि जड जायला लागलं. दर तिसऱ्या दिवशी तेल घातलं की जरा बरं, मग पुन्हा तेच.

एका सकाळी अंगण झाडताना अयोध्याला गाडीखाली लाल थेंब दिसले.

"स्टेअरिंगचं ऑइल हाय. पंप गळतोय," शांतलिंग म्हणाला.

"पंपाचं सील पंधरा दिसांखाली बदललं न्हवं? मग गळतंय कसं?"

"जुनी गाडी हाय गं. गळणारच."

"पंप कुठं असतोय?"

त्यानं बॉनेट उघडून दाखवलं. पंप डावीकडं, मागं. थेंब मात्र उजवीकडं, पार बंपरखाली.

"तेल काय उडी मारून तिकडं जातंय व्हय?" तिनं विचारलं.

तीन रात्री तिनं गाडीखाली साड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला. तिन्ही सकाळी डाग एकाच जागी. मग चौथ्या दिवशी तिनं पुढचा सगळा भाग डिझेलच्या फडक्यानं पुसला, वाळू दिला आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. चाकांना विटा लावून शांतलिंगनं इंजिन चालू केलं आणि डाव्या हातानं स्टेअरिंग इकडून तिकडं फिरवलं. अयोध्या पुढच्या जाळीतून बॅटरीच्या उजेडात बघत राहिली. पांढऱ्या पावडरीवर हळूहळू एक लाल रेघ उमटली.

"बंद करा! दिसलं. पट्टीच्या आतनं येतंय."

स्टेअरिंगचं तेल परत नेणारी लोखंडी नळी तिथं रेडिएटरच्या पुढून वळसा घालून मागं तेलाच्या टाकीकडं जात होती. तिला धरणाऱ्या पट्टीतलं रबर कधीचं झडलं होतं. लोखंडावर लोखंड घासून नळीला बारीक भोक पडलं होतं. पंपाचा काही दोष नव्हता.

"पण एवढा वळसा कशाला? जवळनं न्हेता आली असती की," ती म्हणाली.

वीस वर्षं गाडी चालवून शांतलिंगनं हा विचार केला नव्हता. "तेल गार व्हायला असंल."

"असंल का हाय?"

तिनं ओलं बोट नळीच्या एका टोकाला टेकवून बघितलं, मग दुसऱ्या. पहिलं चटकन पोळलं, दुसरं कोमट होतं. "हाय," ती म्हणाली.

नळी बदलायचं काम तिच्याकडंच आलं. खांद्यामुळं शांतलिंगला खाली शिरता येत नव्हतं. गाडीचं पुढचं अंग त्यानं जॅकवर घेतलं, लोखंडी घोड्यांवर नीट टेकवलं, मगच तिला खाली जाऊ दिलं. नळीच्या टोकाचा गंजलेला नट हलेना. साधा पाना लावला तर घसरायला लागला.

"थांब! कडा गेल्या तर बसलो दोघंबी." त्यानं पेटीतून एका बाजूनं कापलेला रिंग पाना काढून दिला. तो नळीवरून सरकवला की नटाला सगळ्या बाजूंनी धरत होता. गंज सोडवायचा फवारा मारून तासभर थांबल्यावर नट सुटला. पण नळी ओढून काढताना वाकडीतिकडी झाली आणि तिचा मूळ आकार गेला. भंगारातून आणलेली दुसऱ्या गाडीची नळी बसेना.

अयोध्यानं मग जाड तार घेतली आणि नळीच्या रिकाम्या वाटेवरून जशीच्या तशी वळवत नेली. पट्ट्या येतात तिथं लाल दोरा बांधला.

हमरस्त्यावर ट्रॅक्टरच्या नळ्या बनवणाऱ्या उत्तरेश्वरनं तार हातात घेऊन फिरवली. "माप कोणी घेतलं, वहिनी?"

"म्याच घेतलं."

"आन् ह्या गाठी?"

"तिथं पट्ट्या बसत्यात. तिथं वाक देऊ नका, नळी सरळ ऱ्हाऊ द्या."

उत्तरेश्वरनं मान हलवली आणि स्टूल पुढं सरकवलं. "बसा इथं. नटात बसायला नळीचं टोक कसं फुलवत्यात ते बघायचं असंल न्हवं?"

नळी पूर्ण होईपर्यंत ती बघत बसली.

घरी आल्यावर तिनं पट्ट्यांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, नळी बसवली, पट्ट्या करकचून आवळल्या आणि शेवटी नट फिरवला. तेल घालताच नटापाशी थेंब आला. अयोध्याचा चेहरा उतरला.

"आधी पट्ट्या आवळल्यास का?" शांतलिंगनं विचारलं. "नळी ताणून बसली. समदं ढिलं कर. नट बोटानं लाव, सरळ गेला की मग पाना. पट्ट्या शेवटी."

तिनं सगळं सोडून पुन्हा बसवलं. मग इंजिन चालू न करता त्यानं चाकं सावकाश दोन्हीकडं फिरवली. नळीत अडकलेल्या हवेचे बुडबुडे टाकीत वर येत होते, ती मोजत होती आणि तेल घालत होती. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू केलं. गुरगुर नव्हती. शांतलिंगनं दुखरा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताच्या दोन बोटांनी स्टेअरिंग फिरवलं. एकदा, दोनदा. इतके दिवस गाडी वळवताना तो दात आवळत होता, हे अयोध्याला तेव्हा त्याच्या सैल पडलेल्या तोंडाकडं बघून कळलं.

"मला का सांगितलं न्हाय, लई दुखतंय म्हणून?"

"तू तर पुठ्ठ्यात गुंतली हुतीस," तो हसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुनी नळी भंगारात द्यायला उचलली, तशी तिनं ती हातातून काढून घेतली. लोखंड कापायच्या हेक्सा पात्यानं भोकाजवळ कापली आणि उन्हात धरून आत डोकावली. एका बाजूचं लोखंड झिजून कागदासारखं झालं होतं. वीतभर पुढं दुसऱ्या पट्टीच्या जागी तिनं नख टेकवलं. तिथंही ते किंचित आत गेलं.

"इकडं बघा," तिनं हाक मारली. "अजून एक भोक पडायच्या बेतात हुतं."

शांतलिंग चहाचा कप खाली ठेवून उठला आणि तिच्या शेजारी वाकला.