बंधाऱ्याकडची वाट

बेरिल पॉटिंजरएवढी सभ्य बाई आमच्या खोऱ्यात दुसरी नाही, आणि त्या सभ्यतेनंच तिचा घात केला. मी गावचं पोस्ट सांभाळते, त्यामुळे ती कुणाकुणाला आभाराची पत्रं लिहिते ते मला पाठ आहे. दात उपटला म्हणून दाताच्या डॉक्टरलासुद्धा तिनं लिहिलं होतं.

तिचा मुलगा रसेल सतराव्या वर्षी नदीत बुडाला. जुलै महिना, गवत कापून झालेलं, पोरं जुन्या गिरणीच्या बंधाऱ्यावरून उड्या मारत होती. बाकीची वर आली. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला बेरिल नदीकाठानं बंधाऱ्यापर्यंत चालत जायची. दोन मैल जायला, दोन यायला. उन्हाळ्यात अर्धं गाव त्या वाटेवर असायचं, कुणी कुत्रं घेऊन, कुणी चहाचा थर्मास घेऊन. थांबत, बोलत तिला अख्खी दुपार लागायची.

वाट लॅम्बर्नांच्या जमिनीतून जाते. म्हातारे लॅम्बर्न होते तोवर कुणी कुणाला अडवलं नाही. ते गेले, मुलगा जाइल्स लंडनहून आला आणि पहिल्याच वर्षी फाटकाला कुलूप लागलं. सरकारी नकाशात ही वाट नाही म्हणे.

पण कायद्यात एक तरतूद होती. लोक वीस वर्षं एखाद्या वाटेनं उघडपणे, कुणाच्याही परवानगीशिवाय चालले, तर ती वाट सगळ्यांची होते. मी काउंटरवर अर्ज ठेवले, घरोघर फिरून सह्या घेतल्या. बेरिल तर माझा हुकमी एक्का. तीस उन्हाळे, एकही चुकलेला नाही.

"लॅम्बर्नांकडे परवानगी-बिरवानगी मागितली होतीस का गं?" मी विचारलं.

"छे. मागावी लागलीच नाही."

मी तेवढ्यावर खूश झाले. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

जूनमध्ये चौकशी अधिकारी आला. आधी वाट बघू म्हणाला. त्या दिवसापुरतं कुलूप निघालं आणि आम्ही चाळीसेक माणसं त्याच्यामागून निघालो. वर्षभरात पायवाट बुजून गेली होती, खाजकुयली कोपरापर्यंत झोंबत होती. गाई पाण्यात उभ्या होत्या. चालताना दाव्याबद्दल बोलायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून गाव हवेबद्दल बोललं. त्यात आमचा हात कोण धरणार. बंधाऱ्याशी बेरिल थांबली तशी सगळेच थांबले. अधिकाऱ्यानं टोपी काढली. मला वाटलं, जिंकलो.

दुपारी गावच्या हॉलमध्ये जाइल्सच्या वकिलानं म्हाताऱ्या लॅम्बर्नांना आलेल्या पत्रांचा गठ्ठा काढला.

"मिसेस पॉटिंजर, हे अक्षर तुमचंच ना? पहिलं पत्र वाचून दाखवता?"

बेरिलनं चष्मा लावला. पत्र रसेल गेला त्या वर्षीचं होतं. ‘गावातल्या सगळ्यांनी हवं तेव्हा या वाटेनं यावं, असं तुम्ही परवा मला सांगितलंत. आज प्रार्थनेनंतर मी ते सर्वांच्या कानावर घातलं. सर्वांच्या वतीनं आभारी आहे.’ त्यानंतर दर नाताळला एक पत्र. जाऊ देता, आभार. या वर्षीही जाऊ दिलंत, आभार.

"म्हणजे परवानगी होती," वकील म्हणाला, "आणि गावाला ती माहीत होती."

"फार दयाळू होते ते," बेरिल म्हणाली. "जमीन त्यांची. आभार नकोत का मानायला?"

मागून कुणीतरी शिवी हासडली.

सप्टेंबरात निकाल आला. दावा फेटाळला. दारूच्या गुत्त्यावर माणसं म्हणायची, "तिला म्हणावं, आता जाइल्सलाही एक आभाराचं पत्र टाक." ती दुकानात शिरली की बायका पावाच्या किमती वाचायला लागायच्या. मीही महिनाभर कामापुरतंच बोलले. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या जुलैत जाइल्सनं तिला लिफाफ्यातून फाटकाची किल्ली पाठवली. फक्त तुमच्यासाठी, केव्हाही जा.

"त्याच्या तोंडावर फेक," मी म्हटलं.

"माझा रसेल गेलाय तिथे," ती म्हणाली. "तुझ्या हक्काला मी काय करू?"

ती सकाळी गेली आणि दुपारच्या आत परत आली. बुटांना चिखल, हातांवर काट्यांचे ओरखडे. तिनं किल्ली काउंटरवर ठेवली.

"परत पाठव त्याला."

"का? कुणी अडवलं?"

"कुणी नव्हतंच. एवढी वर्षं वाटेत दहा जण तरी विचारायचे, बेरिल, रसेल आज केवढा झाला असता गं? आज कुणीच विचारलं नाही."

ती थांबून राहिली. मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी किल्ली लिफाफ्यात घातली, वजन केलं आणि तिकीट लावलं.