सुनेच्या हातातला दुधाचा पेला

आमच्या तापीकाठच्या घरात दुधाला नाही म्हणणं म्हणजे घरधनिणीचं नाक कापणं. दावणीला पाच म्हशी. पाहुणा आला की आधी दूध, मग बाकीचं. माझी सून तोरणमाळच्या पाड्यावरची, मुलानं स्वतः पसंत केलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं पेला बाजूला सारला, तेव्हा मला ते चांगलंच झोंबलं. हिला आमच्या हातचं चालत नाही की काय?

तिला दिवस गेले आणि मी हट्टालाच पेटले. सकाळ-संध्याकाळ पेला घेऊन समोर उभी. "पी ले बाई, तुन्हा पोटमा जीव शे." ती "हो, आई" म्हणून एका दमात संपवायची. तरी पोर खंगत चालली, पोट सारखं बिघडलेलं. मी दुधात आणखी साय घातली.

सातव्या महिन्यात तिची आई डोंगर उतरून आली. लेकीकडं पाहिलं, माझ्या हातातला पेला पाहिला, आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "आमी गायचं दूध काडत नाय. ते वासराचं. आमच्या पोटाला सोसत नाय." मला हसू आलं. अडाणीपणा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी तिघी तपासणीला गेलो. विहीणबाईंनी तिथंही तेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सुनेचं वजन पाहिलं आणि त्या माझ्याकडं वळल्या. "दूध बंद करा. यांची आई बरोबर सांगते. मोठेपणी दूध न पचणं हेच माणसाचं मूळचं. तुमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखली, दूध प्यायले, म्हणून तुमची पोटं तशी घडली. यांच्याकडे ती रीतच नव्हती."

माझं पोट म्हणजे कुठल्या तरी खापरपणजीच्या गोठ्याची रीत? आणि मी ते साऱ्या जगाचं पोट समजून बसले होते! जिला मी अडाणी म्हटलं तिला हे ठाऊक होतं, आणि मी तिच्याच लेकीला रोज दोन पेले पाजत होते.

घरी आल्यावर सुनेला विचारलं, "सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं होतं, आई. पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, नाटकं करते."

म्हणाले होते. शब्दन्‌शब्द आठवला.

त्या दिवसापासून ती ताकाची कढी दोन वाट्या खाते, विरजलेलं तिला सोसतं. नातू आता चार वर्षांचा आहे. पेला अर्धा ठेवून उठला की मी आधी विचारते, "पोट दुखस का रे?" त्याच्या आईला हे मी सात महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.