सलग कपाशी आणि रफीकसर

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. फोन भाभींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा. "तेरे सर गये बेटा..." एवढंच. पुढे वर्गात काय बोलले ते आठवत नाही. महिना होऊन गेला, तरी आठवण आली की रडू येतं आणि पाठोपाठ हसूही येतं. काय करणार, माणूसच तसा होता!

मी दिग्रसची. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली जिनिंग बंद पडलं आणि बाबा घरी बसले. मी एसटीनं यवतमाळला जाऊन एमएस्सी करत होते. बाबा म्हणाले, "पुरे झालं आता. पाहुणे पाहू." मला गणित सोडायचं नव्हतं. बीएस्सीला शिकवलेले रफीकसर कोणी न बोलावता घरी आले. बाबांनी तिरकसपणे विचारलं, "हे शिकून कापसाले भाव भेटन काय, सर?"

"नाही भेटत, भाऊ," सर म्हणाले. "पण पोरगी हुशार हाय. एवढं साल शिकू द्या. अवघड पेपर मी घरी शिकवतो."

इतकं सरळ उत्तर बाबांना अपेक्षित नव्हतं. "एवढंच साल," ते पुटपुटले.

तो अवघड पेपर म्हणजे अनेक संमिश्र चलांचा. रविवारी सरांच्या घरी बाहेरच्या खोलीत बसायचो. एकदा सर म्हणाले, "फलन प्रत्येक चलात सुटंसुटं होलोमॉर्फिक, म्हणजे गुणाचं, असलं की झालं. ते सलग असायची अट नाही." मी लिहिलं, एकच चल असायची अट नाही. सर चक्रावले. "हे काहून लिवलं?"

"सलग म्हणजे एकच पीक ना, सर? सलग कपाशी!"

अहो, पुस्तकात सगळं 'कंटिन्युअस'; त्यालाच मराठीत सलग म्हणतात, म्हणजे मध्ये कुठे न तुटणारं, हे आमच्या डोक्यात कुठून येणार! सर इतके हसले की भाभी आतून धावत आल्या. मग त्यांनी माझंच वावर धरलं, आमच्याकडे कपाशीला पराटी म्हणतात. "बरं, पराटीत तूर हाय. तूर जागेवर ठेव, पराटी बदल. मंग पराटी ठेव, तूर बदल. कुठंही उभं राहून दोन्हीकडून फलन गुणाचं निघालं, तर दोन्ही एकदम बदलले तरी गुणाचंच. न तुटणं आपोआप येते, वेगळं मागा लागत नाही." वास्तव संख्यांत मात्र हे चालत नाही. तिथं दोन्हीकडून शहाणं वाटणारं फलन तिरपं गेलं की तोंडघशी पडतं...

तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं. मी धडाधडा सांगितलं. पास झाले, नोकरी लागली, आणि लग्नही माझ्या मनानं केलं. सरांनी मागून घेतलेल्या त्या एका सालावर माझं सगळं उभं आहे. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडायची घाईही नाही मला.

परवा भाभींना भेटायला गेले. त्यांची मुलं म्हणतात, बाहेरच्या खोलीत भाडेकरू ठेवा. भाभींनी त्यांना काय सांगितलं, ते मलाही सांगितलं.

"मैंने बोल दिया, वो कमरा इतवार को खाली नहीं रहता."

आर्णीच्या दोन पोरी अजून येतात म्हणे, सरांनी अर्ध्यावर सोडलेल्या.

"फिर? तू आती ना?" भाभींनी विचारलं.

आता दर रविवारी मी जाते.